अतिदक्षता विभागातली पहिली पाळी

९ जानेवारी २०२१ची पहाट व्हायला अजून बराच अवकाश होता. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात त्या रात्री १७ बाळे होती. दीड ते दोनच्या सुमारास ड्युटीवरच्या परिचारिकेला कक्षातून धूर येताना दिसला. दार उघडले तर आत धुराशिवाय काहीच दिसेना. कक्षाचे दोन भाग होते. त्याच रुग्णालयात जन्मलेली बाळे ‘इनबॉर्न’ भागात आणि बाहेरून आणलेली ‘आउटबॉर्न’ भागात. इनबॉर्नमधली सात बाळे बाहेर काढता आली. आउटबॉर्नमधली दहा बाळे गेली. तिघांचा मृत्यू होरपळून आणि सात जणांचा गुदमरून झाला, असे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. पुढे चौकशी झाली. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमधल्या बिघाडाकडे बोट दाखवले गेले, काही डॉक्टर व परिचारिकांवर कारवाई झाली आणि राज्यभरच्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले.

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग शिकणाऱ्या मुलामुलींना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून अशाच कक्षांत पाठवले जाते. कोणी अठरा-एकोणीस वर्षांची, कोणी विशीतली. जनरल वॉर्डात सलाईन लावायला, बीपी घ्यायला त्या सरावलेल्या असतात. अतिदक्षता विभागाचे दार ढकलून आत गेले की मात्र हातपाय गार पडतात. चहूकडे पडदे, आकडे, नळ्या आणि सतत चालू असलेली टिकटिक. सगळ्यात मोठी भीती यंत्रांची. कुठले बटण दाबले तर काय होईल? आवाज आला तर काय करायचे?

यंत्रे शिकता येतात, आणि वाटते त्यापेक्षा लवकर शिकता येतात. या विभागात त्याआधी शिकायची गोष्ट म्हणजे पाहणे. रुग्णाकडे पाहणे, आणि रुग्ण ज्या खोलीत आहे त्या खोलीकडेही पाहणे. भंडाऱ्याच्या त्या रात्रीनंतर या दुसऱ्या भागाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पण नर्सिंगच्या जाडजूड पुस्तकांत त्याला फार थोडी पाने मिळतात.

विद्यार्थ्यांच्या हातांवर उभा राहिलेला विभाग

अतिदक्षता विभाग नावाची गोष्ट जगात सुरू झाली तीच मुळी विद्यार्थ्यांच्या हातांवर. १९५२च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेले रुग्ण रोज दाखल होत होते आणि साथीच्या रोगांच्या त्या रुग्णालयात श्वास देणारी यंत्रे बोटांवर मोजण्याइतकी होती. २७ ऑगस्टला ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने मरणाच्या दारात असलेल्या बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छिद्र पाडून नळी घातली आणि रबराची पिशवी हाताने दाबून तिच्या फुफ्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. पण अशा शेकडो रुग्णांसाठी पिशव्या दाबणार कोण? वैद्यकीय विद्यार्थ्यांना बोलावले गेले. पुढच्या काही महिन्यांत सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून रुग्णांच्या उशाशी बसून रात्रंदिवस पिशव्या दाबल्या आणि परिचारिकांनी त्या रुग्णांची शुश्रूषा केली. श्वास बंद पडलेल्या दहा रुग्णांपैकी आठ-नऊ आधी दगावत होते. ते प्रमाण निम्म्यापेक्षाही खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्या शहरात असा कायमचा विभाग सुरू केला.

त्या विद्यार्थ्यांपुढे मॉनिटर नव्हता. ओठांचा रंग, कपाळावरचा घाम, छातीची हालचाल आणि नाडी यांवरून ते ओळखत, की पिशवी जोरात दाबायची की हळू. आज प्रत्येक खाटेपाशी जी अम्बू बॅग टांगलेली असते, ती १९५६ साली डेन्मार्कमध्येच बाजारात आली. तिला वीज लागत नाही आणि ऑक्सिजन नसला तरी साध्या हवेवर ती चालते. कक्षात पाय ठेवल्यावर विद्यार्थिनीने पहिली खात्री हीच करायची. आपल्या खाटेपाशी बॅग आहे का? योग्य मापाचा मास्क सोबत आहे का? दाबल्यावर फुगते का? नवजात बाळाची, मुलांची आणि मोठ्यांची बॅग वेगवेगळी असते. ऐनवेळी मोठी बॅग हाती आली तर बाळाच्या फुफ्फुसाला इजा होऊ शकते.

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, नळीतला दाब घसरला आणि किमान २२ रुग्ण दगावले. करोनाने फुफ्फुसे निकामी झालेल्या रुग्णांना साध्या हवेची बॅग कितपत पुरली असती, हा प्रश्नच आहे. भिंतीतून येणारा ऑक्सिजन केव्हाही थांबू शकतो, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांना कळले. भरलेला सिलिंडर कुठे आहे, तो उघडायची चावी त्याच्याच गळ्यात बांधलेली आहे की कपाटात, हे पाळी सुरू होतानाच पाहून ठेवावे.

आकडा खरा की बाळ?

नवजात बाळाच्या वॉर्मरचे उदाहरण घ्या. बाळाच्या पोटावर एक छोटा प्रोब चिकटवलेला असतो. तो त्वचेचे तापमान मोजतो आणि त्यानुसार यंत्र उष्णता कमी-जास्त करते. आता हा प्रोब सुटून गादीवर पडला, तर यंत्राला वाटते बाळ गार पडले आहे. ते उष्णता वाढवत जाते आणि बाळ तापते. उलट प्रोब बाळाच्या अंगाखाली दबला, तर यंत्राला वाटते बाळ चांगले गरम आहे. ते उष्णता कमी करते आणि बाळ गारठते. दोन्ही वेळा यंत्रात बिघाड काहीच नसतो. त्याला जे सांगितले गेले, त्यावर ते चालले. त्याला चुकीचे सांगितले जात आहे हे ओळखणे परिचारिकेचे काम.

ते ओळखायला हाताची पालथी बाजू पुरते. बाळाच्या पोटाला हात लावा, मग तळपायाला. पोट आणि पाय दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजू लागली आहे आणि ते आपली शक्ती ऊब टिकवण्यात खर्च करत आहे. दोन्ही गार लागले तर धोका आहे आणि लगेच सांगायला हवे. बाळाचे तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. वेळेआधी जन्मलेल्या, दीड किलोच्या बाळाची कातडी पातळ असते आणि अंगात चरबी नावाला. अर्धा अंश खाली येणे त्याला महागात पडते. डिसेंबर-जानेवारीत वैनगंगेकाठची थंडी काय असते, ते भंडारेकरांना सांगायला नको. खेड्यातून बाळाला घेऊन येणाऱ्या गाडीतच ते निम्मे गारठलेले असते.

ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारा, बोटाला किंवा बाळाच्या पायाला लावायचा चिमटा आता घरोघरी माहीत झाला आहे. पाय गार असेल, बाळ हलत असेल किंवा काविळीच्या निळ्या दिव्याचा झोत त्यावर पडत असेल, तर तो चुकीचा आकडा दाखवतो. म्हणून आकडा घसरला की आधी बाळाकडे पाहायचे. ओठ, जीभ गुलाबी आहे का? छाती हलते आहे का? बाळाने वीस सेकंदांहून जास्त वेळ श्वास थांबवला असेल तर तळव्याला किंवा पाठीला हलके चोळल्यावर ते बहुधा पुन्हा श्वास घेऊ लागते. न घेतल्यास बॅग आणि हाक. आकडा बरोबर दिसतो म्हणून निश्चिंत व्हायचेही कारण नाही. श्वासाची गती आधी वाढते आणि ऑक्सिजनचा आकडा नंतर पडतो. त्यामुळे घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला कंटाळू नये. अर्धे मिनिट मोजून दुप्पट करायची सवय जनरल वॉर्डात खपते. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, तिथे ती फसवते. मिनिटाला साठपेक्षा जास्त श्वास झाले की सांगायचे.

कमी जन्मवजनाच्या बाळाला ऑक्सिजन जास्त देणेही घातक. त्याने डोळ्यांच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या बिघडतात आणि अंधत्व येऊ शकते. म्हणून अशा बाळांचा आकडा साधारण ९० ते ९५ टक्क्यांमध्ये ठेवतात. शंभर दिसला की नवख्या विद्यार्थिनीला बरे वाटते. ऑक्सिजनवर असलेल्या छोट्या बाळाच्या बाबतीत तो शंभर म्हणजे सांगायची गोष्ट. दोन किलोच्या आतल्या बाळांची महिन्याच्या आत डोळ्यांची तपासणी व्हावी लागते. सुट्टी होताना आईला ती तारीख समजावून सांगणे हे अतिदक्षतेचेच काम आहे. कागदावर तारीख लिहिली म्हणजे काम संपले, असे होत नाही. लाखांदूरच्या टोकाच्या गावाहून भंडाऱ्याला येणे म्हणजे एका मजुरीवर पाणी सोडणे. ते कशासाठी सोडायचे हे तिला पटले, तरच ती येते.

आता त्या सततच्या आवाजांबद्दल. अतिदक्षता विभागात वाजणाऱ्या अलार्मपैकी बहुतांश खोटे असतात. कुणी कूस बदलली, चिमटा सुटला, वायर हलली. त्यामुळे काही दिवसांतच कान निबर होतात. ही जगभरची अडचण आहे आणि अनुभवी परिचारिकाही तिला बळी पडतात. विद्यार्थिनीने सुरुवातीपासून एकच नियम पाळावा. आवाज बंद करायचे बटण दाबण्याआधी रुग्णाला पाहायचे. आधी डोळे, मग बोट. एखाद्या खाटेचा अलार्म उगाच वारंवार वाजत असेल तर मर्यादा बदलायची की नाही हे अधिपरिचारिकेला विचारावे. स्वतःहून तो बंद करून ठेवू नये.

पापणी न हलवता सगळे ऐकणारा रुग्ण

मोठ्यांच्या अतिदक्षता विभागातला एक रुग्ण पूर्व विदर्भाला चांगला परिचयाचा आहे. धानाच्या हंगामात, जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावतो. दंश इतका बारीक, की कित्येकदा खूणही दिसत नाही. सकाळपर्यंत पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास थांबतो. वेळेवर रुग्णालयात पोहोचला तर सर्पविषावरची लस आणि व्हेंटिलेटर यांच्या जोरावर तो काही दिवसांत बरा होऊन घरी जातो. मधल्या काळात मात्र तो पूर्ण लुळा असतो. डोळे उघडत नाहीत, बोट हलत नाही, बुबुळेही प्रतिसाद देईनाशी होऊ शकतात. पाहणाऱ्याला वाटते, हा गेल्यात जमा आहे. विष स्नायूंवर चालते, मेंदूवर नाही. तो जागा असू शकतो. त्याला ऐकू येते, सुई टोचलेली कळते.

अशा खाटेपाशी उभे राहून ‘याचे काही खरे नाही’ असे बोलणारी माणसे प्रत्येक रुग्णालयात भेटतात. विद्यार्थिनीने हे एक लक्षात ठेवले तरी तिचे निम्मे शिक्षण झाले. रुग्णाला हात लावण्याआधी त्याच्याशी बोलायचे. ‘काका, आता कूस बदलतोय. तोंड पुसते. आज मंगळवार आहे, तुमचा मुलगा बाहेर बसलाय.’ उत्तर येणार नाही. तरी बोलायचे. बेशुद्ध रुग्णाला दिवस-रात्र कळावी म्हणून रात्री दिवे मंद करणे, वेळ सांगणे, घरचा आवाज ऐकवणे यांनी व्हेंटिलेटर सुटल्यावरचा भ्रम कमी व्हायला मदत होते. झाडीबोलीत बोलणाऱ्या रुग्णाशी त्याच्याच बोलीत बोलता येणे ही भंडारा-गोंदियाकडच्या विद्यार्थिनींची जमेची बाजू आहे. तिची लाज वाटायचे कारण नाही.

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची बाकी कामे दिसायला किरकोळ आहेत. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवणे, ठरलेल्या वेळी तोंड स्वच्छ करणे, दर दोन तासांनी कूस बदलणे, नळी किती सेंटिमीटरवर बांधली आहे ते पाहून लिहिणे. महागडे प्रतिजैविक जो न्यूमोनिया कष्टाने बरा करते, तो मुळातच होऊ न देण्यात या कामांचा मोठा वाटा आहे. या कामांचे फोटो कुणी काढत नाही.

हात धुण्याबद्दल शिकवण्याची गरज नसते, करून घेण्याची असते. कोपराखाली काही नको. घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून आत जायचे. नव्याने लग्न झालेल्या विद्यार्थिनीला हिरव्या बांगड्या काढायला जीवावर येते, सासरचे बोलतात. त्यावर तोडगा काढताना मोठ्या सिस्टरांनी दटावण्यापेक्षा समजावले तर बरे. काचेच्या त्या फटींत काय वाढते, हे एकदा प्रयोगशाळेतल्या बशीत दाखवले की पुन्हा सांगावे लागत नाही. मोबाईलचेही तेच. एका बाळाला हात लावून खिशातला फोन पाहिला आणि तोच हात दुसऱ्या बाळाला लावला, तर मधले हात धुणे वाया गेले.

‘मला येत नाही’ आणि ‘मला बरोबर वाटत नाही’

औषधांच्या बाबतीत नवजात कक्षातली चूक दशांश चिन्हात लपलेली असते. ०.५ मिली आणि ५ मिली यांत एका ठिपक्याचा फरक, पण मात्रा दहापट. इन्सुलिनच्या आपल्याकडच्या बाटल्या बहुधा ४० युनिटच्या असतात आणि पेन १०० युनिटचे. सिरिंज चुकली की मात्रा चुकली. पोटॅशियम क्लोराइड पातळ न करता शिरेत दिले तर हृदय थांबू शकते. म्हणून अशी औषधे दोघींनी तपासायची. एकीने हिशेब करायचा आणि दुसरीने पहिलीचा कागद न पाहता तो पुन्हा करायचा. ‘बरोबर आहे ना?’ असे विचारले की समोरची ‘हो’ म्हणते. ती तपासणी झाली नाही.

विद्यार्थिनीने जे शिकवलेले नाही ते एकटीने करू नये. ‘मला येत नाही, दाखवा’ हे वाक्य म्हणायला धाडस लागते, कारण आपल्याकडे ते कमीपणाचे समजले जाते. अतिदक्षता विभागात ते सर्वांत सुरक्षित वाक्य आहे. दुसरे वाक्य त्याहून अवघड आहे. डॉक्टरांना रात्री उठवून ‘बाळ मला बरोबर वाटत नाही’ असे सांगणे. नुसते एवढेच सांगितले तर ‘म्हणजे काय?’ असा करडा प्रश्न येतो आणि विद्यार्थिनी गप्प होते. त्यासाठी बोलण्याचा क्रम ठरवून घ्यावा. फोन शक्यतो अधिपरिचारिकेने करावा. पण ती दुसऱ्या खाटेवर अडकली असेल तर विद्यार्थिनीलाही तो करता यायला हवा. ‘सर, एसएनसीयूतून बोलते, चार नंबर वॉर्मर. तीन दिवसांचे, १६०० ग्रॅमचे बाळ. संध्याकाळपर्यंत दूध घेत होते, आता दोनदा ओकले. पोट फुगले आहे, श्वास ६८, पाय गार. तुम्ही येऊन पाहावे.’ अर्ध्या मिनिटात झाले. फोनवर औषध सांगितले गेले तर ते लिहून घेऊन वाचून दाखवायचे आणि अधिपरिचारिकेला कळवल्याशिवाय द्यायचे नाही.

‘बरोबर वाटत नाही’ हे वाटणे कुठून येते? तर पुन्हा पाहण्यातून. ज्या बाळाला संध्याकाळी हाताळले, त्याचा रात्रीचा सुस्तपणा हाताला कळतो. म्हणून शिकणाऱ्यांना रोज वेगळी खाट देण्यापेक्षा सलग काही दिवस तीच दोन बाळे द्यावीत, असे या कामात मुरलेल्या परिसेविका करतात. सोय असेल तिथे आयांना आत घेऊन बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरू द्यायचे, त्याचेही हेच. ही कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात वॉर्मर अपुरे पडले म्हणून सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते, जन्मल्याबरोबर अशी सेवा सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांमधले मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने कमी झालेले दिसले. आई जवळ असली की बाळावर आणखी दोन डोळे असतात.

खोलीकडे पाहणे

अतिदक्षता कक्षात आग लवकर का पसरते, याचे कारण तिथल्या हवेतच आहे. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो जास्त असला की कापूस, फोमची गादी, प्लॅस्टिकच्या नळ्या एरवीपेक्षा लवकर पेट घेतात आणि वेगाने जळतात. अनेक यंत्रे चोवीस तास, वर्षभर चालू. दारे-खिडक्या एसीसाठी बंद. आणि रुग्ण असे, की एकही स्वतःच्या पायाने बाहेर पडू शकत नाही. भंडाऱ्यानंतर त्याच वर्षी २३ एप्रिलला विरारच्या एका खासगी रुग्णालयात आणि ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागालाच आग लागली आणि प्रत्येक ठिकाणी दहाहून अधिक रुग्ण गेले. नोव्हेंबर २०२४मध्ये झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा नवजात कक्ष आणि पुन्हा दहा बाळे.

ज्वाळेआधी धूर मारतो. फोम आणि प्लॅस्टिक जळताना कार्बन मोनॉक्साइडसारखे विषारी वायू निघतात. नवजात बाळ मिनिटाला चाळीस ते साठ वेळा श्वास घेते, म्हणजे मोठ्या माणसाच्या तिप्पट. तोच धूर त्याच्या अंगात तितक्या लवकर भिनतो. त्यामुळे मिनिटांचा हिशेब करायचा, आणि तो आग लागण्याआधी करून ठेवायचा.

पाळीवर येताच कक्षातून एक चक्कर मारावी. बाहेर पडायची दारे किती, त्यांतले कुलूपबंद कोणते आणि किल्ली कुणाकडे? दारासमोर जुना वॉर्मर किंवा औषधांची खोकी रचली आहेत का? प्लगला हात लावून पाहावा. गरम लागतो का, जळका वास येतो का, ठिणगी पडते का? एकाच एक्स्टेन्शनवर तीन यंत्रे लावली असतील तर ते लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले विसरले जाते. तारीख घालून वहीत नोंदवलेले मागे राहते. दुरुस्तीला गेलेले यंत्र ‘चालते आहे’ म्हणून परत लावले गेले असेल, तर कुणी तपासले हे विचारावे. विद्यार्थिनीने हे विचारले म्हणून कुणी रागावले तर रागावू द्यावे.

प्रत्यक्ष आग लागलीच तर क्रम असा. आगीच्या सर्वांत जवळच्या रुग्णाला आधी हलवायचे, त्याच वेळी ओरडून इतरांना सावध करायचे आणि अग्निशमन दलाला फोन लावायचा. त्या भागाचा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह प्रमुख परिचारिकेच्या सांगण्यावरून बंद करायचा, कारण त्यावर दुसऱ्या खोलीतले रुग्णही असू शकतात. बाहेर पडताना दार लावून घ्यायचे, म्हणजे धूर अडतो. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही. कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरचे सिलिंडर वापरायचे, तेही आग छोटी असेल आणि पाठीशी वाट मोकळी असेल तरच. पिन ओढा, तोटी आगीच्या बुडाकडे धरा, दाबा, आडवी फिरवा. हे वाचून जमत नाही. सिलिंडर एकदा तरी हातात धरून चालवलेला हवा.

बाळांचे काय? एक परिचारिका दोन हातांत दोन बाळे नेऊ शकते. काही देशांत यासाठी मोठ्या खिशांचे ॲप्रन ठेवतात, ज्यात एकीला चार बाळे नेता येतात. आपल्याकडे ते नसले तरी चादरीची झोळी कशी करायची, हे खेड्यातल्या कुठल्याही मुलीला येते. ती कक्षात कुठे ठेवायची एवढेच ठरवायचे राहते. बाळाच्या पायातली ओळखपट्टी पाळीच्या सुरुवातीला तपासलेली असावी, कारण धुरातून बाहेर काढलेले बाळ कुणाचे, हे नंतर सांगता आले पाहिजे.

हे सगळे वाचून एखाद्या विद्यार्थिनीला वाटेल, की उद्या काही झाले तर दोष आपल्यावर येणार. ती भीती खोटी नाही. भंडाऱ्याच्या प्रकरणात परिचारिकांवर गुन्हाही दाखल झाला. पण जुन्या वायरिंगची, न झालेल्या अग्नितपासणीची आणि रिकाम्या जागांची जबाबदारी रात्रपाळीच्या सिस्टरवर ढकलून कोणतेही रुग्णालय सुरक्षित होत नाही. अशा कक्षात तीन-चार बाळांमागे एक परिचारिका असावी, अशी सरकारचीच अपेक्षा आहे. प्रत्यक्षात एकीकडे त्याच्या दुप्पट-तिप्पट बाळे असतील तर ती एका भागात दूध पाजत असताना दुसऱ्या भागात कोण पाहणार? हा प्रश्न शिकणाऱ्या मुलींना विचारायचा नाही. तो विचारण्याचे काम नागरिकांचे, लोकप्रतिनिधींचे आणि रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांचे आहे. अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांनीही ‘डॉक्टर कोण?’ याबरोबर ‘आज रात्री आत सिस्टर किती आहेत?’ असे विचारायला हरकत नाही.

पाळी संपताना पुढच्या परिचारिकेकडे रुग्ण सोपवायचे असतात. ते टेबलापाशी बसून वहीतून वाचून करू नये. खाटेपाशी, रुग्णाला दोघींनी पाहत करावे. नळी किती सेंटिमीटरवर, सलाईनच्या जागेला सूज आहे का, प्रोब कुठे आहे, शेवटचे दूध किती वाजता, रात्री काय वेगळे वाटले. मग दारे, सिलिंडर, बॅगा. दहा-पंधरा मिनिटे लागतात. सकाळी गावाकडची पहिली बस गाठायची घाई असते आणि विद्यार्थिनींना वाटते, आपले काय, सिस्टर सांगतीलच. तरी थांबावे. रात्रभर त्या बाळाला ज्या हाताने चाचपले, त्या हाताला जे कळले आहे ते वहीत नसते.